बुधवारची भांडणं

मंजुळाने गोळी सोडायचं ठरवलं ते चिडून.

ठाकुर्लीच्या पलीकडे, खाडीच्या अंगाला असलेल्या गावची ती धवलारीण. आगऱ्यांच्या लग्नात बाकी कोणी उशिरा आलं तरी चालतं, धवलारीण वेळेवर लागते. हळद दळण्यापासून नवरीच्या गळ्यात माळ पडेपर्यंत एकेक विधी तिच्या गाण्यातून पुढे सरकतो. देवांना मांडवात बोलवायचं तेही तीच बोलावते. ही गाणी म्हणजे धवळे; ते कुठे लिहून ठेवलेले नसतात. मंजुळाला ते सासूने भाताची लावणी करता करता शिकवले होते आणि तीस वर्षांत तिने एक ओळ इकडची तिकडे होऊ दिली नव्हती. बाई गर्विष्ठ होती, पण गर्व करण्यासारखं तिच्याकडे काहीतरी होतं. तेवढंही नसताना गर्व करणारे गावात पुष्कळ होते.

मागच्या वैशाखात एका लग्नात तिने गावदेवीला दोनदा बोलावलं. एकदा बोलावून झालं, गाणं पुढे गेलं, आणि थोड्या वेळाने ती पुन्हा तिथेच येऊन पोचली. बायका पदराआड हसल्या. मागून कोणीतरी म्हणालं, “अगो, देवी आयली, बसली पन. तिला परत कशाला उठवतेस?” मंजुळाही सगळ्यांबरोबर हसली. घरी येऊन मात्र तिने पानाचा डबा भिंतीवर फेकला.

शब्द का गळतात हे तिला मनातून माहीत होतं. सात वर्षांपूर्वी नवऱ्याचं, काळुरामचं, पोटाचं ऑपरेशन झालं. काळुराम महिन्याभरात खडखडीत बरा होऊन वडे खायला लागला. इकडे मंजुळाच्या छातीत मात्र धडधड सुरू झाली ती थांबेना. स्टेशनाजवळच्या डॉक्टरांनी एक बारीक पांढरी गोळी दिली. रात्री एक घ्या म्हणाले, बरं वाटेल. बरं वाटलं. कधीपर्यंत घ्यायची ते त्यांनी सांगितलं नाही आणि हिने विचारलं नाही. पुढे ते डॉक्टर दवाखाना बंद करून लेकाकडे निघून गेले, गोळी राहिली. औषधाच्या दुकानातला माणूस मंजुळा रस्ता ओलांडायच्या आत पाकीट काढून ठेवायचा. गोळीने धडधड बंद केली, आणि हळूहळू इतर बरंच काही बंद केलं. सकाळी डोकं कापूस भरल्यासारखं असायचं. परवा काय झालं ते आठवायचं नाही. आता धवळ्यावर आलं तेव्हा तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

लेक ठाण्याला वर्तकनगरात राहायची. तिने आईला तिथल्या एका डॉक्टरीणबाईंकडे नेलं. या मनाच्या डॉक्टर आहेत हे मंजुळाला दारातली पाटी लेकीने वाचून दाखवली तेव्हा कळलं, आणि ती तिथूनच परत फिरणार होती. आमच्याकडे कोणाला ‘ठाण्याला नेला’ म्हटलं की त्याचा एकच अर्थ होतो, वेड्यांच्या इस्पितळात, आणि ऐकणारा पुढे काही विचारत नाही. म्हणून गावात सांगायचं ते ठरलं: लेकीकडे चाललेय, नातवाला बघायला.

डॉक्टरीणबाई तरुण होत्या आणि शुद्ध बोलायच्या. “सात वर्षं?” त्यांनी पेन खाली ठेवलं. “आजी, अंगाला आता तिची सवय झालीय. एकदम सोडायची नाही, जिवावर बेतू शकतं. दर दोन महिन्यांनी पाव गोळी कमी करायची. त्या काळात फार उदास वाटेल. रडू येईल, चिडचिड होईल. ते वेड नाही. गोळी अंगातून निघतेय, त्याचा तो त्रास आहे. रोज एकाच वेळी घ्यायची, जेवल्यावर.”

मंजुळाने बोटांच्या पेरांवर महिने मोजले. दिवाळी नुकतीच झाली होती. वैशाखात बेबीचं लग्न होतं. बेबी तिच्या धाकट्या दिराची पोर. आई लहानपणीच गेली म्हणून ती मंजुळाच्याच मांडीवर वाढलेली. तिचं स्थळ टिटवाळ्याकडचं, आणि त्या गावची धवलारीण बायजा. बायजा आणि मंजुळा गेली वीस वर्षं एकमेकींची गाणी कान देऊन ऐकत होत्या, चूक सापडते का ते बघायला. त्या बायजासमोर, बेबीच्या लग्नात, देवीला दोनदा उठवायचं नव्हतं. बेबीचा धवळा स्वच्छ डोक्याने गायचा, एवढंच मंजुळाला पाहिजे होतं.

“वैशाखापर्यंत सुटंल ना?” तिने विचारलं.

“सगळं ठीक गेलं तर. पण घाई करू नका.”

मंजुळाने त्यातलं पहिलं वाक्य घेतलं आणि दुसरं तिथेच टेबलावर सोडलं.

गोळीचे तुकडे करायला अडकित्ता होता. चार तुकडे करायचे, एक बाजूला काढायचा. पहिले दोन महिने निभावले. मग पौषात ती अर्ध्या गोळीवर आली आणि तिचं मन बसलं.

दुसरा शब्द नाही त्याला. सकाळी डोळा उघडला की छातीवर ओझं असायचं, आणि उठायचं कशासाठी हा प्रश्न त्या ओझ्यावर बसलेला असायचा. वांगी चिरता चिरता रडू यायचं. कांद्याचं रडू लोकांना कळतं, वांग्याचं कोणाला समजवायचं? अंगणात ऊन पडायचं, कोंबड्या फिरायच्या, आणि तिला वाटायचं की हे सगळं कोणा दुसरीच्या घरचं आहे. गाणं म्हणावंसं वाटायचं नाही. ज्याच्यासाठी हा सगळा उपद्व्याप मांडला तेच नकोसं व्हावं, याच्याइतकी चीड आणणारी गोष्ट तिने उभ्या आयुष्यात पाहिली नव्हती.

त्यात सल्ले. काळुराम म्हणायचा, “जरा हास की. बसून बसून तसा व्हतो.” दीर म्हणाला, भजनाला जा. शेजारीण म्हणाली, कोणाची नजर लागली असेल, मिरच्या ओवाळ. एक जण तर म्हणाला की तुम्हांला काय कमी आहे, जमिनीवर बिल्डिंगी उभ्या राहिल्या, पोरगा नोकरीला लागला, मग दुःख कसलं? मंजुळाने त्याला चहा न देताच घालवलं. दुःख कसलं ते तिला माहीत असतं तर तिने ते चिमट्याने धरून बाहेर फेकलं असतं.

आणि ती भांडायची. सून शालन दहावी झालेली, शांत पोरगी. तिच्याशी मंजुळा भाताच्या शितावरून भांडली, घडीच्या चादरीवरून भांडली, टीव्हीवरची बाई मोठ्याने रडते म्हणूनही भांडली. भांडून झालं की मोरीत जाऊन तोंड धुवायची आणि स्वतःला शिव्या द्यायची. पोरीचा काही दोष नाही हे तिला भांडताना कळत असायचं. कळूनही तोंड थांबायचं नाही.

त्यात एक विचित्र गोष्ट होती. काही दिवस जरा बरे जायचे. मन जड असलं तरी हात चालायचे, शालनच्या केसांना तेल लावण्याइतकी माया शिल्लक असायची. आणि मग मध्येच एखादा दिवस असा उगवायचा की हात थरथरतात, घाम फुटतो, छातीत जुनी धडधड परत, आणि जगून तरी काय करायचंय इथपर्यंत मजल जायची. डॉक्टरीणबाईंनाही ते उलगडेना. “गोळी रोज घेताय ना?” त्यांनी दोनदा विचारलं.

“घेते ना. तुम्ही सांगितलाय तशीच घेते,” मंजुळा म्हणाली. आणि ती खरंच तशीच घेत होती.

फाल्गुनात ती पाव गोळीवर आली, आणि एकाच आठवड्यात घराच्या नाकी नऊ आले. एका सकाळी तिने भाकरीचा तवा अंगणात फेकला. कोंबड्या उधळल्या, काळुराम पायजम्याची नाडी सावरत बाहेर आला आणि परत आत गेला. शालनने तवा उचलून आणला, पाण्याने विसळला आणि सासूसमोर बसली.

“आई, रागावणार नसाल तर एक विचारू?”

“रागावनार. विचार.”

“तुम्ही बुधवारी आणि शुक्रवारीच का भांडता?”

मंजुळाने डोळे बारीक केले. “म्हंजे?”

शालन उठली आणि भिंतीवरचं कॅलेंडर काढून घेऊन आली. तारखांवर पेन्सिलीच्या फुल्या होत्या. तिने जरा लाजतच सांगितलं की माहेरी कुठल्या दिवशी जावं ते ठरवायला तिने या फुल्या मारल्या होत्या. भांडण झालं की फुली. पौषापासूनच्या फुल्या एकाखाली एक उभ्या राहिल्या होत्या, बुधवारची एक रांग आणि शुक्रवारची एक. मधे एखादी चुकारही फुली होती, ती एकादशीच्या दुसऱ्या दिवशीची.

“मंगळवारी तुमचा देवीचा उपास,” शालन हळू आवाजात म्हणाली, “आणि गुरुवारचा एक. उपासाच्या दिवशी तुम्ही गोळी घेता का?”

“उपासाला कशी घेणार?” मंजुळा वैतागली. “बाईंनी सांगितलाय, जेवल्यावर घ्याची. जेवनच नाय तं गोली कशी घ्याची?”

तिने हे इतक्या ठामपणे सांगितलं की शालनलाही क्षणभर पटलं. मग दोघींनी एकदमच कॅलेंडरकडे पाहिलं. आठवड्यातले दोन दिवस, कधी तीन, मंजुळा गोळी एकदम बंद करत होती, आणि मधल्या दिवसांत पुन्हा सुरू करत होती. डॉक्टरीणबाईंनी जे अजिबात करू नका म्हणून सांगितलं होतं ते ती दर आठवड्याला करत होती, तेही त्यांचंच ऐकून. पूर्वी ती गोळी चहाबरोबर घ्यायची. चहा उपासाला चालतो. तेव्हा कधी खाडा पडला नव्हता.

मंजुळाला स्वतःच्या थोबाडीत मारावंसं वाटलं. त्याहून जास्त डॉक्टरीणबाईंच्या.

वर्तकनगरला त्या दिवशी शालन बरोबर गेली. तिने कॅलेंडर गुंडाळी करून पिशवीत घातलं होतं. डॉक्टरीणबाईंनी फुल्या पाहिल्या आणि कपाळाला हात लावला. “अहो आजी, पोटात जळजळू नये म्हणून जेवल्यावर म्हटलं होतं मी. उपासाच्या दिवशी पाण्याबरोबर घेतली असतीत तरी चाललं असतं!”

“मंग तसा सांगाचा ना!” मंजुळाचा आवाज बाहेर बसलेल्यांनाही ऐकू गेला असणार. “तुम्ही शिकलेल्या ना? आमच्यात बाया उपास करतात ते तुमाला ठावं नाय? तीन महिने मी या पोरीला फाडून खाल्ली!”

शालन खाली बघत राहिली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, “चूक माझी आहे. मी विचारायला हवं होतं.” डॉक्टराने चूक कबूल केल्याचं मंजुळाने आयुष्यात ऐकलं नव्हतं, आणि तिचा राग निम्म्यावर आला. पण त्याच्या मागोमाग जे आलं त्याने तिचा राग पुन्हा जागेवर आला. आता परत अर्ध्या गोळीवर जायचं. सकाळी पाव, रात्री पाव, उपास असो नसो. मन स्थिर होईपर्यंत तिथेच थांबायचं, चांगले दोन-तीन महिने. पुढचं कमी करणं लग्नानंतर.

“म्हंजे लग्नात धवला अर्धी घेऊनच गावाचा?”

“हो.”

“आनि मन?”

“मन एकदम बरं होणार नाही. हळूहळू होईल. त्या दिवशी रडू आलं तर येऊ द्या. भीती वाटली म्हणून जास्तीची गोळी तेवढी घेऊ नका.”

परतताना डोंबिवली मागे गेल्यावर मंजुळाने पिशवीतून शेंगदाण्याची पुडी काढली आणि सुनेच्या हातात दिली. “खा,” एवढंच म्हणाली. माफी मागायची तिला सवय नव्हती.

चैत्र तसाच गेला. बुधवार शुक्रवार आता इतर दिवसांसारखे झाले, म्हणजे सगळेच दिवस सारखे जड. पण थरथर गेली. आणि एका दुपारी भांडी घासता घासता तिच्या लक्षात आलं की ती मनातल्या मनात धवळा म्हणतेय, आणि तो कुठेही अडकत नाहीये. विसरलेल्या ओळी, सासूच्या आवाजासकट, आपापल्या जागी येऊन बसल्या होत्या. तिला आनंद झाला नाही. आनंद व्हायला पाहिजे होता, हे समजत असूनही तो झाला नाही, आणि म्हणून ती भांडी आपटत घासत राहिली.

लग्नाच्या दिवशी धवलारीण माळा पडेपर्यंत जेवत नाही. मंजुळाने सकाळी पाण्याच्या घोटाबरोबर पाव गोळी घेतली आणि मांडवात जाऊन बसली. बेबी पिवळं लुगडं नेसून पाटावर बसलेली. समोर नवऱ्याकडची माणसं, आणि त्यांच्या पुढे, मांडी ठोकून, नाकात मोठी नथ घातलेली बायजा. गावाचा एक जुना रिवाज आहे: नवरीकडची धवलारीण गाताना थांबली, तर नवऱ्याकडचीने पुढची ओळ उचलायची. आणि एकदा उचलली की तो धवळा तिचा. मग त्या घराण्याच्या लग्नांत ती गोष्ट पंधरा-वीस वर्षं सांगितली जाते.

मंजुळाने सुरुवात केली. देवांना बोलावलं, एकेकदाच. गावदेवी आली, बसली, कोणी तिला परत उठवलं नाही. मागच्या बायका सुरात सूर मिळवत होत्या, आणि बायजा डोळे मिटून ऐकत होती. चूक नव्हतीच, तर सापडणार कशी?

आणि नवरी आईला निरोप देते त्या जागी मंजुळा थांबली. शब्द होता, अगदी जिभेवर होता. पण आतून ते ओझं उठलं आणि छातीवर येऊन बसलं, आणि तिला वाटलं, काय उपयोग आहे? कोणासाठी गायचं? ही पोर जाणार, घर रिकामं होणार, आणि उद्या सकाळी परत डोळा उघडणार. तिच्या डोळ्यांतून पाणी घळाघळा वाहायला लागलं. नवरीला निरोप देताना धवलारीण रडली तर कोणाला काही वाटत नाही, पण ती गातच रडायला पाहिजे. मंजुळाचं तोंड मिटलेलं होतं.

लाऊडस्पीकरवाल्याने काय झालं म्हणून मान वर केली. बाजूच्या खांबाजवळ काळुराम उभा होता. त्याच्या एका हातात पाण्याचा पेला होता आणि दुसऱ्या हातात, सगळ्यांना दिसेल असं पुढे केलेलं, गोळ्यांचं पाकीट. त्याने त्यातली एक अख्खी गोळी काढून त्याच तळहातावर घेतली होती. “घे गो,” तो कुजबुजला, पण त्याची कुजबूज मांडवाच्या दुसऱ्या टोकाला पोचायची. “आजचा दिस घे. उद्याचा उद्या बघू.”

मंजुळाने त्या गोळीकडे पाहिलं. घेतली की अर्ध्या तासात आतलं सगळं शांत होईल, हे तिला पक्कं माहीत होतं. रडू थांबेल, कापूस परत भरेल, आणि ती गाईल. कशी गाईल ते सांगता येत नव्हतं, पण गाईल. तिचा हात पदराखाली हलला.

तेवढ्यात बायजा पुढे सरकली. आता उचलणार, असं सगळ्यांनाच वाटलं. बेबीच्या बापाने तर मान खाली घातली. बायजाने ओळ उचलली नाही. ती गुडघ्यांवर पुढे आली, तिने बेबीच्या कपाळावरची मुंडावळ सारखी केल्यासारखं केलं, आणि मंजुळाच्या कानाशी तोंड नेलं.

“ती गोली मी वलखते,” ती म्हणाली. “मी पन घेते. दोन. चार वर्सं झायली.”

मंजुळाने चमकून तिच्याकडे पाहिलं. वीस वर्षं हिच्या गाण्यात खोट शोधली, आणि हे कधी दिसलं नाही.

“तू सोडतेस?” बायजाने विचारलं.

“हां. अर्धीवर हाय.”

“सुटते का गो?”

हे विचारताना बायजाचा आवाज इतका लहान झाला होता की मंजुळाला खोटं बोलावंसं वाटलं. सुटते, काही होत नाही, सोपं आहे. मग तिला सहा महिन्यांचा एकेक दिवस आठवला आणि तिचा संताप वर आला.

“लय छलते,” ती म्हणाली. “जीव नको करते. मी सुनेला फाडून खाल्ली. आथा बघ, बेबीच्या लग्नात माझा तोंड मिटलाय. पन धवला आयलाय परत, बायजे. सगला. एक सबूद गेला नाय.”

मागे कोणीतरी खोकलं. नवऱ्याकडची एक बाई अधीर होऊन म्हणाली, “बायजे, उचल ना!”

“गप बस,” बायजा मागे न बघता म्हणाली. मग मंजुळाला म्हणाली, “तू बोल. मी मागून धरते.”

नवरीकडच्या धवळ्याला नवऱ्याकडच्या धवलारणीने मागून सूर धरल्याचं त्या मांडवातल्या म्हाताऱ्या बायकांनीही कधी पाहिलं नव्हतं. मंजुळाने पदराने नाक पुसलं. काळुराम अजून तळहात पुढे करून उभा होता. तिने त्याच्याकडे पाहिलं नाही. जिथे थांबली होती तिथूनच तिने पुढची ओळ घेतली. आवाज फाटलेला होता, नाक गळत होतं, मन होतं तिथेच होतं, जड. आणि ती शेवटपर्यंत गायली, रडत, चिडून, एकही शब्द न चुकता.